इगतपुरीजवळ पेटलेलं बॉनेट

कसारा घाट चढून नाशिककडे येत होतो, इगतपुरीपाशी बॉनेटच्या फटीतून धूर. गाडी जुनी दोन दारांची, इंजिनाची ताकद वाढवणारा टर्बो मी नंतर बसवलेला. बॉनेट पूर्ण उघडलं असतं तर हवा मिळून भडकाच उडाला असता. नुसता खटका ओढला आणि बोटभर फटीतून आग विझवायचा सिलिंडर मारला. पुन्हा सेल मारला नाही. टो करून नाशिकच्या अंबडला आणली.

कारण क्षुल्लक: टर्बोचा ऑइल पाइप क्लिपमधून निसटून तापलेल्या एक्झॉस्टला टेकला होता.

आधी पावडर काढली. सिलिंडरमधली एबीसी पावडर ओल धरते आणि ॲल्युमिनियम, कनेक्टर खात सुटते. व्हॅक्युम, मग दात घासायचा ब्रश, कनेक्टरना कॉन्टॅक्ट क्लीनर. अख्खा रविवार गेला.

खरी मेहनत वायरिंगची. वरून धड दिसणारी वायर सोलली की आत तांबं काळं. चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे कापत गेलो. मी टेप पुढे केली तर वायरमनकाका म्हणाले, "परत पेटवायचीय का?" शेवटी नवे तुकडे क्रिंप करून, म्हणजे धातूच्या नळीत घट्ट दाबून, जोडले. ऑइल पाइप आता स्टीलच्या जाळीचा, वर उष्णतारोधक स्लीव्ह.

टर्बोची नोंद ना आरसीवर ना पॉलिसीत, त्यामुळे क्लेमचं नावही काढलं नाही. एसी लावला की जळका वास अजून येतो.