माळ्यावरचा टीव्ही गेम पुन्हा चालू करताना

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरून सामुराई, लिटल मास्टर किंवा बिनानावाचा टीव्ही गेम निघाला, की पहिला मोह होतो तो सापडेल तो अ‍ॅडॉप्टर लावून बटण दाबायचा. तेवढं टाळा. आपल्याकडे नव्वदच्या दशकात घरोघरी असलेले हे बहुतेक गेम म्हणजे जपानच्या निन्टेन्डो कंपनीच्या १९८३ च्या फॅमिकॉम या टीव्ही गेमच्या नकला. आत बहुतेक वेळा एकच मोठी चिप असते आणि तिच्यावर काळा डांबरासारखा थेंब टाकलेला असतो. ती जळली तर बदलता येत नाही. बाकी जवळपास सगळं दुरुस्त होतं.

आधी वीज

बहुतेक मॉडेलना ९ व्होल्ट डीसी लागतो. ५०० मिलिअँपिअर पुरतात, १ अँपिअरचा अ‍ॅडॉप्टरही चालतो, कारण मशीन लागेल तेवढाच करंट ओढतं. व्होल्ट मात्र वाढवू नका. खरा घोळ पोलॅरिटीचा, म्हणजे प्लस-मायनस कुठे आहे त्याचा असतो. हल्लीच्या बहुतेक अ‍ॅडॉप्टरमध्ये पिनच्या आत प्लस असतो, पण फॅमिकॉमच्या घराण्यात अनेकदा आत मायनस आणि बाहेर प्लस असतो. खोक्यावर चिन्ह नसेल तर स्क्रू काढून उघडा आणि तीन पायांचा ७८०५ रेग्युलेटर (व्होल्टेज ५ वर आणणारा भाग) शोधा. त्याचा मधला पाय म्हणजे ग्राउंड. मल्टीमीटर बीपवर ठेवून त्या पायाचं जॅकच्या कुठल्या भागाशी कनेक्शन आहे ते बघा. जिथे बीप वाजेल तो मायनस.

आता अ‍ॅडॉप्टर लावून ७८०५ चा आउटपुट मोजा. छापील बाजू समोर आणि पाय खाली धरले, तर तो उजवा पाय. ४.७५ ते ५.२५ व्होल्टच्या मध्ये आकडा आला तर ठीक. शून्य आला तर आधी स्विच आणि जॅकचं सोल्डर तपासा, ७८०५ वर नंतर या. तोच गेला असेल तर बदलायला दहा-वीस रुपयांचं काम आहे. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत सहज मिळतो. उघडलंच आहे तर इनपुटला १एन४००७ डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) सिरीजमध्ये, म्हणजे वायरच्या वाटेत, टाकून घ्या. मग घरातल्या कुणी उलटा अ‍ॅडॉप्टर लावला तरी मशीन फक्त चालू होणार नाही, जळणार नाही. डायोड साधारण ०.७ व्होल्ट खातो, ९ मधून तेवढे गेले तरी ७८०५ ला पुरून उरतात. आत ७८०५ नसेलच, तर खोक्यावर लिहिलेल्या व्होल्टच्या वर जाऊ नका.

चित्रावर आडवे जाड पट्टे सरकत असतील आणि स्पीकरमधून घुंऽऽ येत असेल, तर रेग्युलेटरजवळचा फुगलेला कपॅसिटर बदला. त्याची क्षमता (मायक्रोफॅरडमध्ये) आणि व्होल्टेज त्याच्या अंगावर छापलेलं असतं.

कॅसेट

"चालत नाही" म्हणून टाकून दिलेल्या बहुतेक कॅसेट नुसत्या मळलेल्या असतात. फुंकर मारायची सवय सोडा. काढून पुन्हा लावल्यामुळे पिना नव्याने टेकतात, म्हणून गेम चालतो. फुंकरीतला ओलावा मात्र तांब्यावर बसून गंज धरतो. कोकणातल्या दमट हवेत तर आणखी लवकर.

९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कान साफ करायच्या काड्या घ्या. साठ पिनांवर, दोन्ही बाजूंनी, काडी काळी निघायची थांबेपर्यंत पुसा. सॅनिटायझर नको, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. डाग राहिलाच तर पांढऱ्या खोडरबराने हलके दोन-चार हात; जोर केला तर वरचा मुलामा निघून जातो. मशीनच्या खाचेसाठी वेगळं काही नको. कॅसेटच्या पिनांना अल्कोहोल लावून, मशीन बंद ठेवून, ती पाच-सहा वेळा आत-बाहेर करा. खाचेत जाड पुठ्ठा कोंबू नका, पिना फाकतात. दहा मिनिटं वाळू द्या.

कॅसेटमध्ये प्रोग्रॅम आणि चित्रं यांचे पिन वेगळे असतात. संगीत नीट वाजतंय, मारिओ उडी मारतोय, पण पडद्यावर ठोकळे आणि अक्षरांचा कचरा दिसतोय, तर चित्रांच्या बाजूचे पिन पुन्हा पुसा. पडदा एकाच रंगात गोठला असेल तर बहुधा प्रोग्रॅमचे. आणि "९९९९ इन १" मधले गेम नीट मोजायला बसू नका, पहिल्या काही डझनांनंतर तेच गेम वेगळ्या नावाने येतात.

रिमोट

बटण दाबूनही लागत नसेल तर आतलं रबर उचला. त्याची काळी टिकली आणि बोर्डावरचा कार्बन अल्कोहोलने अलगद पुसा. कार्बनवर खोडरबर अजिबात नको. टिकली झिजली असेल तर अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा बारीक गोल तिच्यावर चिकटवला की काम भागतं. सगळीच बटणं मेली असतील तर वायर तपासा. ती बहुधा रिमोटच्या गळ्याशी आतून तुटलेली असते. तिथून दोन इंच कापून, रंगाला रंग जुळवून पुन्हा सोल्डर करा.

नव्या टीव्हीला जोडताना

मागे पिवळा-पांढरा एव्ही जॅक असेल तर तोच वापरा. टीव्हीला एव्हीचं एकच बारीक भोक असेल तर टीव्हीसोबत आलेलीच केबल लावा, कारण बाजारातल्या सारख्या दिसणाऱ्या केबलींमध्ये आतल्या जोडण्यांचा क्रम वेगळा असू शकतो. फक्त एरियलची वायर असेल, तर गेम चालू ठेवून टीव्हीत अ‍ॅनालॉग चॅनल शोधा. चित्र काळंपांढरं आलं तर कलर सिस्टीम पाल की एनटीएससी (टीव्ही सिग्नलच्या दोन पद्धती) ते बदलून बघा. पाल मशीन सेकंदाला ५० चित्रं दाखवतं, मूळ जपानी ६०. म्हणून आपल्याकडची काही मशीनं मुळापेक्षा थोडी संथ चालतात.

स्वस्त एव्ही-टू-एचडीएमआय डबी चालते, पण या गेमचा २४० ओळींचा सिग्नल ती ४८० इंटरलेस्ड (ओळी एकाआड एक दाखवणारा) समजते, त्यामुळे कडा थरथरतात. टीव्ही गेम मोडवर आणि चित्र ४:३ वर ठेवा. गेम मोड नसेल तर कॉन्ट्रासारख्या गेममध्ये उडी उशिरा बसते आणि दोष उगाच रिमोटला जातो.

डक हंट या बदकं मारायच्या गेमची बंदूक मात्र एलसीडी किंवा एलईडीवर चालत नाही, कुठलंही सेटिंग बदला. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, आणि बंदुकीतला सेन्सर तो उजेड ठरलेल्या क्षणी शोधतो. नव्या टीव्हीवर तो क्षण चुकतो आणि ट्यूबच्या उजेडाची विशिष्ट फडफडही नसते. बदकं मारायचीच असतील तर भंगारवाल्याकडे चालू स्थितीतला १४ किंवा २१ इंची ट्यूबचा टीव्ही विचारा. आणा, जोडा, पण त्याची पाठ उघडू नका. बंद करून ठेवला तरी आत हजारो व्होल्ट शिल्लक असू शकतात.