पणजोबा पलटणीत होते म्हणता? आधी मेडलची कड बघा

"आमचे पणजोबा दुसऱ्या महायुद्धात बर्माच्या लढाईत होते" असं सांगणारे नागपुरात लय भेटतात, पण पलटण कोणती विचारलं की सगळे गप. तर भाऊ, नाव घेऊन फिरू नका, त्यांचा फौजी नंबर शोधा. आजीच्या पेटीत मेडल असेल तर भिंग घेऊन त्याची कड बघा, ताऱ्याच्या आकाराचं असेल तर मागची बाजू, हिंदुस्थानी शिपायांच्या मेडलवर नंबर, नाव आणि पलटणीची अक्षरं कोरलेली असायची. अन् ब्रासो मारू नका बाप्पा, आमच्या काकूंनी दर दिवाळीला घासून घासून पणजोबांच्या नंबरातले दोन आकडे साफ पुसून टाकले.

मेडल नसेल तर डिस्चार्जचा कागद नाहीतर पेन्शनबुक. तेही नसेल तर निदान गाव आणि बापाचं नाव पक्कं करा, कारण फौजेच्या जुन्या नोंदीत आडनाव बरेचदा नसतंच, नुसतं नाव, अमक्याचा मुलगा, गाव आणि सी.पी. म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस, इंग्रजांच्या काळातला आपला प्रांत. त्यासाठी तहसीलमधून कोतवाल बुकाची, म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची नक्कल काढा, जात पडताळणीला लागते ना, तीच.

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन, म्हणजे महायुद्धातल्या सैनिकांच्या कबरी अन् स्मारकं सांभाळणारी संस्था, तिच्या साइटवर फुकटात शोधता येतं, स्पेलिंग उलटसुलट करून बघा. पण तिथं फक्त महायुद्धात मेलेल्यांची नावं आहेत, मी तीन रात्री डोळे फोडले अन् मग ट्यूब पेटली की आपले पणजोबा तर परत येऊन म्हातारपणापर्यंत पेन्शन खात होते!

आता कामठी, आपल्या नागपूरजवळची फौजेची छावणी. सगळे आधी तिकडेच पळतात. तिथं आज ब्रिगेड ऑफ द गार्ड्स या पलटणीचं सेंटर आहे, पण ती ब्रिगेड १९४९ ची, म्हणजे महायुद्धानंतरची. महार रेजिमेंटचं सेंटर १९४६ मध्ये कामठीतच उघडलं होतं हे खरं, पण आता ते मध्य प्रदेशात सागरला आहे, मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला. बलुच, फ्रंटियर फोर्स असल्या रेजिमेंट १९४७ च्या वाटणीत पाकिस्तानात गेल्या, मेडलवर तसं काही निघालं तर काम अवघड.

पलटण कळली की तिच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र टाका, नंबर, नाव, बापाचं नाव, गाव, भरतीचं अंदाजे साल आणि तुमचं नातं लिहा, सोबत नात्याच्या पुराव्याची झेरॉक्स अन् मेडलच्या कडेचा फोटो. ओरिजिनल मेडल पाठवू नका. कोणाला पाठवायचं ते कळत नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन विचारा.