जुनी आलिशान सेडान घ्यायची तर ती थंड असताना बघा

गाडी बघायला सकाळी जा, आणि मालकाला आदल्या दिवशीच निक्षून सांगा की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर गोड बोलून दुसऱ्या दिवशीची वेळ मागा. बडोद्यात मकरपुऱ्याला माझं गॅरेज आहे, बहुतेक काम जर्मन गाड्यांचं. माझं ठाम मत आहे की या गाड्यांची निम्मी दुखणी रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीतच दिसतात.

सुरू करण्याआधी गाडीभोवती एक फेरी मारा. टायर आणि वरची कमान यांच्यामध्ये बोटं घालून चारही कोपरे मोजा. मर्सिडीजच्या एस-क्लाससारख्या गाडीत स्प्रिंगऐवजी हवा भरलेल्या रबरी फुग्यांचं सस्पेंशन असतं. रबराला बारीक चीर पडली की रात्रभरात हवा निघून जाते आणि तो कोपरा खाली बसतो. सुरू केल्यावर कंप्रेसर गाडी पुन्हा उचलतो, म्हणून दुपारी बघणाऱ्याला काहीच कळत नाही. ही गळती भरून काढता काढता कंप्रेसरही जळतो, आणि एका स्ट्रटचा, म्हणजे चाकावरच्या त्या फुग्याच्या दांड्याचा, खर्च दुप्पट होतो.

आता बॉनेट उघडं ठेवून दुसऱ्याला स्टार्ट मारायला सांगा आणि तुम्ही इंजिनाशी कान देऊन उभे राहा. पहिले पाच-सात सेकंद महत्त्वाचे. साखळी घासल्यासारखा खरखर आवाज आला आणि मग विरला, तर टायमिंग चेन (व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ राखणारी साखळी) किंवा तिला ताणून धरणारा टेन्शनर संपत आला आहे. बीएमडब्ल्यूच्या 320डी, 520डी मध्ये आलेल्या एन47 डिझेल इंजिनाचं हे जगजाहीर दुखणं आहे, विशेषतः 2007 ते 2011 च्या गाड्यांत. त्यात चेन गिअरबॉक्सच्या बाजूला असल्यामुळे तिथवर पोचायलाच इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. पेट्रोलच्या एन20 मध्ये चेनचे प्लास्टिकचे गाइड तुटतात. चेन तुटली तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आपटतात, मग इंजिनाचं काही उरत नाही. आवाज आला की भाव करत बसू नका, निघा.

ऑडीच्या 2008 ते 2011 च्या आसपासच्या टीएफएसआय पेट्रोल इंजिनांत तेल खाण्याची तक्रार फार. पिस्टनच्या रिंगांतून तेल वर जातं. अशा अनेक गाड्यांत डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची पट्टीच नसते, पातळी स्क्रीनवर बघावी लागते. मालकाला सरळ विचारा की दोन सर्व्हिसच्या मध्ये किती तेल टाकता, आणि डिकीत तेलाचा अर्धा डबा ठेवलाय का तेही बघा.

आपल्या मे महिन्याच्या उन्हात प्लास्टिक लवकर ठिसूळ होतं. कूलंटची टाकी, थर्मोस्टॅटचं घर, पाइपांचे जोड, सगळं प्लास्टिकचं. जोडांपाशी पांढरट किंवा गुलाबी सुकलेला थर दिसला तर तिथून गळतंय. समोरच्या काट्यावर विसंबू नका. बऱ्याच गाड्यांत तो कंपनीनंच मुद्दाम मधोमध थांबवलेला असतो आणि इंजिन बरंच तापल्यावरच हलतो. खरं तापमान स्कॅनरवर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून आतले आकडे वाचणाऱ्या यंत्रावर बघा.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सबद्दल विकणारा म्हणेल, याचं तेल आयुष्यभर चालतं. पण झेडएफ, म्हणजे बीएमडब्ल्यूसारख्यांना आठ गिअरचा बॉक्स पुरवणारी कंपनी, स्वतःच 80,000 ते 1,20,000 किलोमीटरला किंवा आठ वर्षांत तेल बदलायला सांगते. बदलल्याचं बिल मागा. थंड गाडीत पी (पार्क) मधून आर (रिव्हर्स) आणि मग डी (ड्राइव्ह) टाका. झटका बसला किंवा गाडीनं उचलायला वेळ घेतला, तर पुढे खर्च आहे.

बडोदेकरांनी सगळ्यात जास्त घाबरायचं ते पाण्याला. 31 जुलै 2019 ला आणि पुन्हा ऑगस्ट 2024 च्या अखेरीस विश्वामित्री नदी शहरात शिरली. 2024 ला काळ्या घोड्याच्या पुलाशी 26 फुटांची धोक्याची पातळी ओलांडून पाणी 35 फुटांच्या वर गेलं. समा, फतेगंज, अकोटा, मुजमहुडा भागांत गाड्या उभ्याच्या उभ्या बुडाल्या. त्यातल्या कित्येक पॉलिश होऊन बाजारात आल्या. माझ्याकडे आलेल्या अशा एका गाडीचं आतलं लेदर नवंकोरं होतं. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला तर तळाच्या हातभर पट्ट्यात बारीक चिखल वाळलेला होता आणि त्याची सरळ रेघ उमटली होती. बेल्टचं हे टोक कोणी धूत नाही. पुढच्या सीटचे रूळही बघा, आणि कार्पेट उचलून खालचा फोम दाबा. अनेक गाड्यांत सीट आणि कार्पेटखाली मॉड्यूल, म्हणजे इलेक्ट्रॉनिक कंट्रोलचे डबे असतात. कनेक्टरवर हिरवट गंज चढला की आज वायपर, उद्या एअरबॅगचा दिवा, असं कायमचं मागे लागतं. इन्शुरन्सच्या कागदावर नो क्लेम बोनस शून्य असेल तर क्लेम कशाचा होता ते विचारा आणि सर्व्हेचा कागद मागा.

शेवटी स्कॅनर लावायला देणार नसेल तर ती गाडी नको. किलोमीटरचा आकडा मीटरमध्ये बदलता येतो, पण कित्येक गाड्यांत तो इतर मॉड्यूलमध्येही नोंदलेला असतो. दोन आकडे जुळले नाहीत तर बोलणं तिथेच संपवा. डिझेल असेल तर डीपीएफमध्ये, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये, काजळी किती साठलीय तेही त्याच वेळी वाचता येतं. फक्त शहरातल्या शहरात, अलकापुरी-रावपुरा फिरलेल्या गाडीत ती हमखास जास्त असते.

सगळं पटलं तरी गाडीच्या किमतीच्या पाचव्या हिश्शाएवढे पैसे बाजूला ठेवूनच सौदा करा. पहिल्या आठवड्यात इंजिन आणि गिअरबॉक्सचं तेल, ब्रेक फ्लुइड, कूलंट आणि त्याचे प्लास्टिकचे जोड बदलून घ्या. नंतर एसी चालू ठेवून, स्कॅनरवर तापमान बघत, पावागडला माचीपर्यंत चढवून आणा.