गुडघे धरलेत? घरच्या घरी सांधेदुखी कशी सांभाळायची

आमच्या दापोलीकडे पन्नाशी ओलांडली की प्रत्येक बाईचं रडगाणं एकच, "गुडघे धरलेत गो". आणि सल्लाही ठरलेला, वात आहे, निरगुडीचा पाला बांध. माझ्या आईलाही सगळ्यांनी हेच सांगितलं, ती दोन वर्षं पाला बांधत राहिली, वर कुणीतरी दिलेली एक बिननावाची पावडर खात राहिली, आणि बोटं वाकडी व्हायला लागल्यावर कळलं की तो आमवात (रुमेटॉइड आर्थ्रायटिस) होता. माझे गुडघे मात्र नुसते झिजलेत. एकाच घरात दोन सांधेदुख्या आणि दोघींचे उपाय वेगळे, म्हणून हे सगळं लिहितेय.

आधी कुठलं दुखणं आहे ते बघा

सकाळी उठल्यावर सांधे किती वेळ आखडलेले राहतात ते घड्याळ लावून बघा. झीज असेल तर अर्ध्या तासाच्या आत मोकळे होतात, आणि दुखणं चालून, जिने चढउतरून वाढतं. आमवातात तास-तासभर मूठ वळत नाही, दोन्ही हातांची बोटं-मनगटं सुजतात, अंगात कणकण असते, थकवा असतो. तिसरा प्रकार युरिक अ‍ॅसिडचा, रात्रीतून पायाचा अंगठा लालभडक होतो आणि चादर लागली तरी जीव जातो. आणि चिकनगुनिया होऊन गेला असेल तर सांधे पुढे कित्येक महिने दुखू शकतात.

आमवाताचा नुसता संशय असला तरी डॉक्टरकडे जायचंच. सीआरपी, ईएसआर, आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी अशा रक्ताच्या तपासण्या सांगतात. यात शरीर आपल्याच सांध्यांवर हल्ला करतं, त्यामुळे आतला दाह औषधाने लवकर आटोक्यात आणावा लागतो, नाहीतर सांधा कायमचा बिघडतो, आणि ते काम हळदीने होत नाही. या आजारात बऱ्याचदा मेथोट्रेक्सेट देतात, ती गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, रोज नाही, चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून घरात कुणी घेत असेल तर वार ठरवून पाकिटावर लिहून ठेवा.

एखादाच सांधा अचानक गरम, लाल झाला आणि ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, शेकत बसू नका.

मांडी मजबूत करा

झिजेच्या गुडघ्यावर सगळ्यात जास्त उपयोग व्यायामाचा होतो, मलाही आधी खोटं वाटायचं. दुखतंय म्हणून आपण बसून राहतो, बसून मांडीचे स्नायू कमजोर होतात, मग सगळा भार गुडघ्यावर येतो आणि अजून दुखतं. फिजिओथेरपीवाल्या ताईने मला तीन गोष्टी शिकवल्या, तिन्ही अंथरुणावर किंवा खुर्चीत होतात.

एक, पाय लांब करून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, गुडघ्याने ती खाली दाबायची, पाच आकडे मोजायचे, सोडायचं. दहा वेळा.

दोन, उताणं झोपून एक पाय गुडघ्यात दुमडायचा आणि दुसरा सरळ ठेवून हातभर वर उचलायचा, पुन्हा पाच आकडे, मग सावकाश खाली. धपकन टाकायचा नाही.

तीन, हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठायचं-बसायचं. सुरुवातीला पाच वेळा पुरे, खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, आणि प्लास्टिकची हलकी खुर्ची नको, ती सरकते.

दिवसातून दोनदा. करताना थोडं दुखलं तर चालतं, पण नंतर दोन तासांहून जास्त ठणकत राहिलं तर दुसऱ्या दिवशी निम्मं करायचं. फरक कळायला दीड-दोन महिने लागतात, आठ दिवसांत सोडून देऊन "काही उपयोग नाही" म्हणू नका (मी म्हटलं होतं).

चालायला किनारा जवळ असेल तर ओहोटीची वेळ बघून जा. ओली, घट्ट वाळू गुडघ्याला बरी, वरची कोरडी भुसभुशीत वाळू नको, पाय रुततात. आणि किनारा समुद्राकडे उतरता असतो, एकाच बाजूने चाललं तर एका पायावर जास्त ताण येतो, म्हणून जाताना आणि येताना त्याच पट्टीवरून चाला. पावसात पडवीत फेऱ्या मारायच्या. पावसाळ्यात सांधे जास्त दुखतात ते हवेमुळे असं सगळे म्हणतात, मला तर वाटतं घरात बसून राहण्याचाही त्यात मोठा वाटा आहे.

घरात थोडे बदल

जांभ्याच्या पायऱ्या, पाटावर बसून जेवण, विळीवर मासे कापणं, उकिडवं बसून भांडी, आपलं घर गुडघ्यांचं दुश्मनच आहे. मी विळी ओट्यावरच्या सुरीने बदलली, सासूबाई दोन दिवस बोलल्या, मग गप्प झाल्या. संडासात कमोड किंवा वर ठेवायची खुर्ची घ्या. पायऱ्या चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरायची, बहुतेक जण उलटी धरतात. लावणीचे दिवस टळत नाहीत, पण अर्ध्या तासाने उभं राहून कंबर सरळ करायची, मुकादम काही म्हणू दे.

वजन जास्त असेल तर थोडं उतरवा. एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने कमी होतो.

खाणं

भात सोडायची गरज नाही, प्रमाण कमी करा, सोबत नाचणीची भाकरी, भाज्या, कुळीथ. बांगडा आणि तारली हे आपले स्वस्त मासे ओमेगा-३ने भरलेले असतात, आमवाताच्या दाहात त्याची थोडी मदत होते. आठवड्यातून दोनदा कालवण किंवा तव्यावर थोड्या तेलात, डीप फ्राय नको. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत सुक्या माशांवर भागवतो आपण, पण त्यात मीठ फार, बीपीवाल्यांनी जपून. मात्र युरिक अ‍ॅसिड असेल तर हेच बांगडा-तारली आणि तिसऱ्या (शिंपल्या) त्रास देतात, बिअर तर बंदच. आंबट खाल्लं की वात वाढतो म्हणून लोक सोलकढी सोडतात, आमसुलाने गुडघा झिजत नाही, निवांत प्या. बेकरीची खारी-बिस्किटं आणि कोल्ड्रिंक कमी केलीत तर जास्त फायदा. विडी-सिगारेट आमवात वाढवते, ती सोडायलाच हवी.

हळद जेवणात घाला, मिरपुडीसोबत ती अंगात जास्त शोषली जाते. कॅप्सूल घेणार असाल तर डॉक्टरला विचारा, रक्त पातळ करायची गोळी चालू असताना विचारल्याशिवाय नकोच.

शेक, तेल, गरम झरे

आखडलं असेल तर गरम शेक, सूज आणि गरमपणा असेल तर फडक्यात गुंडाळलेला बर्फ, दोन्ही पंधरा-वीस मिनिटं. निरगुडीचा पाला गरम करून बांधा की, माझा विरोध नाही, बरं वाटतं, फक्त त्याने रोग जात नाही. तिळाचं तेल हलक्या हाताने लावा, सुजलेल्या सांध्यावर रगडू नका. उन्हवरे, तुरळ किंवा राजापूरजवळच्या उन्हाळे गावच्या गरम झऱ्यात बसलं की अंग मोकळं होतं, तिथे आखडलेल्या सांध्यांना ऊब मिळते. शुगरवाल्यांच्या पायाला चटका कळत नाही, त्यांनी आधी हाताने पाणी बघावं, आणि जखम असेल तर उतरू नये.

आणि ती पावडर. दोन दिवसांत जादूसारखा आराम देणाऱ्या बिननावाच्या पुड्यांमध्ये बऱ्याचदा स्टिरॉइड मिसळलेलं असतं. आईचा चेहरा सुजला, शुगर वाढली तेव्हा डॉक्टरांनी पहिल्यांदा पुडीबद्दलच विचारलं. तुम्हीही घेत असाल तर एकदम बंद करू नका, तेही धोक्याचं असतं, पुडी घेऊन डॉक्टरकडे जा. दुकानातून स्वतःच आणलेल्या पेनकिलरच्या गोळ्याही रोज-रोज नकोत, पोट आणि किडनी दोन्ही बिघडतात, गुडघ्यासाठी वरून लावायचं जेल आधी वापरून बघा.

आम्ही आता कालनिर्णयच्या चौकटीत रोज सकाळी सांधे किती मिनिटं आखडले तेवढाच आकडा लिहितो, आईचा निळ्या पेनने, माझा लाल. डॉक्टरकडे जाताना ते पानच काढून नेतो.