पाणी चढायच्या आधी मंडळाची तयारी

पंचगंगेच्या पुराचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट म्हणजे इशारा आणि 43 फूट म्हणजे धोका, हे कोल्हापुरात शाळेतली पोरंही सांगतील. तरी मंडळाची बैठक बसते ती 39 ओलांडल्यावरच. तेव्हा टेम्पो मिळत नाही, बोट मिळत नाही, होलसेलवाल्याकडं मेणबत्तीचं खोकंही उरत नाही, कारण सगळा जिल्हा एकाच दिवशी बाजारात उतरलेला असतो. 2005, 2019 आणि 2021 या तिन्ही पुरांत कोल्हापूरकर मदतीला मागं राहिला नाही. घोळ झाला तो वाटपात. एका गावात चार टेम्पो गेले आणि पुढच्या वस्तीत बिस्किटाचा पुडाही पोचला नाही. म्हणून तालीम असो, महिला बचत गट असो की नोंदणीकृत सेवाभावी संस्था, वळीव पडायला लागला की पहिली बैठक घ्या आणि मृग निघायच्या आत खालची कामं उरकून टाका.

सगळ्यात आधी आपलं गाव ठरवा. ‘संपूर्ण जिल्ह्यासाठी मदत’ असा बॅनर छापायला सोपा असतो, पण बारा तालुके एका मंडळाच्या आवाक्यातले नाहीत आणि बाराही तालुक्यांचा पूर सारखा नसतो. प्रयाग चिखली, आंबेवाडीला वेळ फार थोडा मिळतो. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती एकत्र येतात त्या टापूतली ही गावं, पाणी रात्रीत दारात येतं. शिरोळ तालुक्यात पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते, तिथं पाणी चढायला वेळ घेतं आणि उतरायला त्याहून जास्त. गगनबावडा, शाहूवाडीकडं पाण्यापेक्षा रस्ता खचण्याची, दरड कोसळण्याची भीती मोठी. एका मंडळानं दोन गावं किंवा शहरातल्या दोन गल्ल्या घ्याव्यात आणि शेजारच्या मंडळाला तसं सांगून टाकावं. पेठापेठांची ईर्षा फुटबॉलच्या मैदानावर शोभते, धान्याच्या टेम्पोवर नाही.

गाव ठरलं की वही घ्या. मोबाईलवरची यादी चालेल, पण लाईट गेली की चार्जिंग संपतं आणि यादीही संपते, म्हणून कागदावरची हवीच. प्रत्येक घरासमोर माणसं किती हे लिहा, पण खरी माहिती पुढच्या रकान्यांत असते: अंथरुणाला खिळलेलं कोण, गरोदर कोण आणि कितवा महिना, डायलिसिस कुणाचं आणि कुठल्या वारी, इन्सुलिन कुणाला लागतं, चाकाची खुर्ची कुणाची. ही माहिती सरपंचापेक्षा आशाताई आणि अंगणवाडीच्या बाई जास्त बिनचूक सांगतात. त्यांच्याबरोबर एक दुपार फिरा. अपंग माणसाला जिन्यावरून किंवा बोटीत कसं न्यायचं, हे नुसत्या ताकदीचं काम नाही. उचगावात वसतिगृह चालवणारी हेल्पर्स ऑफ दि हँडीकॅप्ड ही संस्था 1984 पासून याच माणसांत काम करते आहे. अशा ठिकाणी आपली चार पोरं पाठवून शिकून घ्यावं.

त्याच वहीत जनावरांचं पान वेगळं. हे पान नसेल तर बाकीची वही फुकट आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. ‘आजी, चला की आता’ म्हणून कार्यकर्ता घसा कोरडा करतो आणि आजी म्हणते, ‘म्हशीला कोण बघणार लेका?’ तिचं बरोबर आहे. घरातला रोजचा पैसा त्या म्हशीच्या दुधावर चालतो. म्हणून गावाच्या वरच्या अंगाला गोठ्याची जागा, दावी, पाण्याची टाकी आणि वैरण आधी ठरवा. कडबा मे महिन्यात सुका मिळतो, पावसात मिळाला तरी भिजलेला. पेंडेची पोती चढावरच्या एखाद्या गोदामात ठेवा. म्हैस आधी हलली की मागोमाग माणूस हलतो.

माणसांना न्यायचं कुठं, याची शहरात अडचण नाही. शाहू महाराजांच्या आश्रयानं 1901 पासून इथं बोर्डिंगं उभी राहिली, शाळा आणि मंगल कार्यालयं आहेत, मठ आहेत. अडचण असते ती किल्लीची. कुलूप कुणाकडं, तो रात्री दोनला फोन उचलतो का, टाकीत पाणी आहे का, बायकांसाठी संडास वेगळा आहे का आणि त्याला आतून कडी आहे का, एवढं प्रत्यक्ष जाऊन बघा. कडीचं हसण्यावारी नेऊ नका, तेवढ्यासाठी बायका दिवसभर पाणी पीत नाहीत.

बोटीच्या बाबतीत हौस नको. 2019 च्या ऑगस्टमध्ये शेजारच्या सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला माणसांनी खचाखच भरलेली बोट उलटली आणि कितीतरी जीव गेले. ज्याला पोहता येतं त्याला बचावकार्य येतंच असं नाही. पट्टीचे पोहणारे असतील तर त्यांना व्हाईट आर्मीसारख्या सरावलेल्या पथकाकडं किंवा जिल्हा आपत्ती व्यवस्थापनाच्या प्रशिक्षणाला पाठवा. बाकीच्यांनी काठावरची कामं करावीत. लाईफ जॅकेट नसेल तर बोट सुटणार नाही, हा नियम मंडळाच्या अध्यक्षालाही लागू ठेवा. जिल्हा नियंत्रण कक्षाचा 1077 आणि रुग्णवाहिकेचा 108 वहीच्या पहिल्या पानावर ठळक लिहा.

आता सामान. जुने कपडे घेणार नाही, हे पहिल्या दिवशी जाहीर करा आणि त्यावर ठाम राहा. गोदामात एखादं गाठोडं सोडून बघा: ब्लाऊज नसलेल्या साड्या, एका पायाची चप्पल, गुंडी तुटलेल्या पँटी, मध्येच कुणाचा तरी शाळेचा टाय. ते निवडायला दहा माणसं दोन दिवस बसतात आणि शेवटी निम्मं घंटागाडीत जातं. त्यापेक्षा नवे टॉवेल, आतले कपडे, चादरी आणि सॅनिटरी पॅड मागा. पॅडचं पुरुष कार्यकर्ते बोलत नाहीत, म्हणून ते खातं बचत गटाच्या एखाद्या ताईकडंच द्या.

किट एकसारखं ठेवा: तांदूळ, तूरडाळ, तेलाचं पाऊच, मीठ, साखर, चहा पावडर, साबण, मेणबत्ती, काडेपेटी. काडेपेटी प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून. आणि कांदा-लसूण चटणीची पुडी विसरू नका. छावणीत दोन दिवस खिचडी खाल्ली की माणसं भाकरी मागतात, हे ज्यानं वाढलंय त्याला माहीत आहे. पाणी न लागलेल्या गावांतल्या बचत गटांशी भाकरीचं आधी बोलून ठेवा, पीठ तुम्ही द्या. 2019 ला शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि गाड्या कित्येक दिवस अडकून पडल्या, त्यामुळं पुण्यामुंबईहून माल येईल या भरवशावर राहू नका. तो आला तरी पाणी उतरताना येतो.

पैशाची बाजू कंटाळवाणी आहे, पण पुढं याच्यावरूनच भांडणं होतात. संस्था महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 खाली नोंदलेली असेल तर विश्वस्तांच्या बदलाचा अर्ज बदलापासून 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात गेलाय का ते तपासा. कित्येक संस्थांच्या कागदावर वारलेले खजिनदार अजून सही करत असतात. मंडळ नोंदलेलं नसेल तर वर्गणीचा डबा फिरवण्याआधी धर्मादाय कार्यालयाची परवानगी काढा, गणपतीला काढता तशीच. कार्यकर्त्याच्या खात्याचा क्यूआर कोड स्टेटसला लावू नका, माणूस कितीही सोन्यासारखा असला तरी. देणगीदाराला आयकरात देणगीवरची सवलत (80जी म्हणतात ती) हवी असेल तर 2000 रुपयांच्या वरची रक्कम रोखीत चालत नाही आणि तांदळाच्या पोत्यावर ती सवलत मिळत नाही, हे आधीच सांगा. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या कोल्हापूरकरानं डॉलर पाठवायचं म्हटलं तर परदेशी देणगी घ्यायला लागणारी एफसीआरए नोंदणी नसताना ‘पाठवा’ म्हणू नका. गोकुळ शिरगाव किंवा शिरोली एमआयडीसीतल्या कंपनीकडं सीएसआरसाठी, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक कामाच्या निधीसाठी, जायचं असेल तर संस्थेची सीएसआर-1 नोंदणी आधी लागते. तीही मे महिन्यातच बघा, ऑगस्टात कुणाला वेळ नसतो.

पाणी उतरल्यानंतरची तयारी बहुतेकांच्या यादीत नसतेच. फोटो काढणारे तोपर्यंत निघून गेलेले असतात आणि खरं काम तेव्हा सुरू होतं. घरात गुडघाभर गाळ, विहिरीत मेलेली कोंबडी, भिंतीला ओल. खोरी, पाट्या, गमबूट, चिखल ओढणारा पंप, ब्लीचिंग पावडर आणि पाण्यात टाकायचं मेडिक्लोर यांची सोय आत्ताच करा. गाळात उतरणाऱ्या पोरांच्या पायाला जखम असेल तर त्यांना वर ठेवा, जखमेतून शिरणाऱ्या लेप्टोच्या तापाचा (लेप्टोस्पायरोसिस) धोका खरा आहे. गोळ्या द्यायच्या की नाही हे डॉक्टरच ठरवतील. दुसरी टोळी कागदाची. पंचनाम्याला तलाठी येतो तेव्हा आधार, पासबुक, सातबारा सगळं भिजलेलं असतं. वहीतल्या घरांची ही कागदं आत्ताच मोबाईलवर फोटो काढून, घरच्यांना विचारून, त्यांच्याच कुणा नातेवाइकाला पाठवून ठेवायला सांगा. स्वतःच्या ग्रुपवर टाकू नका.

हिशेबाचा फळा वाटप झालेल्या गावातच लावायचा, मंडळाच्या कार्यालयात नाही. किती आलं, किती गेलं, काय उरलं. उरलेली रक्कम गणपतीच्या मंडपाकडं वळवायची नाही, हा ठराव पहिल्याच बैठकीत लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. आणि मंगल कार्यालयातून आणलेल्या पातेल्यांवर ऑइल पेंटनं नाव घालून ठेवा, नाहीतर दिवाळीपर्यंत ती मागत फिरावं लागतं.