सांगलीतून झेब्राफिशच्या लॅबमध्ये जायचंय?

सांगली-मिरजेत बी.एस्सी. झूलॉजी करणारी मुलंमुली मला हमखास विचारतात, "ताई, रक्ताच्या मूळपेशींवर, म्हणजे ज्यांच्यापासून सगळ्या रक्तपेशी बनतात त्यांच्यावर, काम करायचं तर झेब्राफिशसारखे छोटे पट्टेरी मासे कशाला? मिरजेत एवढी हॉस्पिटलं आहेत, पेशंटच्या रक्तावरच का नाही?"

पेशंटच्या रक्तावरचं कामही हवंच. पण प्रत्यारोपणात दात्याची मूळपेशी रुग्णाच्या शरीरात सोडल्यावर ती नेमकी कुठं जाते, कुठं थांबते, कधी विभागते, हे माणसात बघता येत नाही. सगळं हाडांच्या आत दडलेलं. झेब्राफिशमध्ये रक्त तयार करणारी मज्जा मूत्रपिंडात असते, आणि भ्रूण आईच्या शरीराबाहेर, पारदर्शक अवस्थेत वाढतो. साधारण २४ तासांत त्याचं हृदय चालू झालेलं दिसतं. २००८ साली बोस्टनमधल्या लिओनार्ड झॉन यांच्या गटानं 'कॅस्पर' हा मोठेपणीही पारदर्शक राहणारा मासा जगासमोर आणला, तो प्रत्यारोपणाच्या अभ्यासासाठीच. शिवाय माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांना या माशात जोडीदार सापडतो.

प्रयोग साधारण असा चालतो. ज्याच्या रक्तपेशी हिरव्या चमकतात असा दाता मासा घ्यायचा, त्याच्या मूत्रपिंडातली मज्जा काढून गाळायची. ज्याला पेशी द्यायच्या त्याची मज्जा आधी किरणांनी दुबळी करायची, मग हृदयात किंवा डोळ्यामागच्या शिरांमध्ये इंजेक्शन. काही आठवड्यांनी त्याच्या मज्जेत हिरव्या पेशी किती आहेत आणि त्यांपासून कोणकोणत्या रक्तपेशी बनल्या, हे फ्लो सायटोमीटरवर, म्हणजे एकेक पेशी तिच्या चमकेवरून मोजणाऱ्या यंत्रावर, मोजायचं. दोन दिवसांच्या भ्रूणाला मात्र किरणांची गरज पडत नाही. आपलं-परकं ओळखणारी त्याची प्रतिकारयंत्रणा अजून तयार व्हायची असते.

याचा रुग्णांना काय उपयोग, हेही घरचे विचारतात. २००७ साली झॉन यांच्याच गटानं भ्रूणांच्या पाण्यात निरनिराळी रसायनं मिसळून पाहिली. प्रोस्टाग्लँडिन ई२ हे शरीरातच तयार होणारं रसायन मूळपेशींची संख्या वाढवतं असं दिसलं, आणि तो धागा पुढं नाळेतल्या रक्ताच्या प्रत्यारोपणाच्या मानवी चाचण्यांपर्यंत पोचला. मला या विषयात ओढलं ते या गोष्टीनं.

लॅबमध्ये गेल्यावर पहिले महिने पाण्यात जातात, आणि तसेच जायला हवेत. पाणी २८.५ अंशांवर, १४ तास उजेड, १० तास अंधार, आर्टेमिया (कोळंबीच्या जातीचे बारीक जीव) उबवून खायला घालणं, अमोनिया-नायट्राइट तपासणं. कंटाळून हे टाळणारे पुढं अडतात. मासा तणावात किंवा आजारी असला की त्याचं रक्तच बदलतं, मग प्रत्यारोपणाच्या आकड्यांवर कुणी विश्वास ठेवायचा? नंतर येते इंजेक्शनची सुई. तापवून ओढलेल्या काचेच्या नळीचं टोक सूक्ष्मदर्शकाखाली मोडायचं असतं. मिरजेत तानपुऱ्याची जवारी काढताना बघितली असेल, तर केसभर जास्त झालं की काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. हा हात सरावानंच बसतो. पेपर वाचायला रात्र आहे. दिवसा हात चालवा.

रस्ता बराचसा ठरलेला आहे: बी.एस्सी.नंतर जॅम ही प्रवेशपरीक्षा देऊन किंवा विद्यापीठातून एम.एस्सी., मग पीएच.डी.साठी सीएसआयआर-नेट ही परीक्षा. झेब्राफिशवरचं काम जवळून बघायला पुण्याची आघारकर संशोधन संस्था आहे, हैदराबादचं सीसीएमबी हे पेशी आणि रेणूंच्या जीवशास्त्राचं केंद्र आहे. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींची उन्हाळी संशोधन फेलोशिप दुसऱ्या वर्षापासूनच मनात धरा. लहान गावातल्या कॉलेजला कोण विचारतं, असा विचार करून अर्जच न भरणारी हुशार मुलं बघितली की मला खरंच वाईट वाटतं.

आणि लॅब मिळेपर्यंत थांबू नका. हा मासा आपल्याच उपखंडातला आहे, मत्स्यालयाच्या दुकानात स्वस्तात मिळतो. नळाचं पाणी उघड्या बादलीत दिवसभर ठेवून क्लोरीन जाऊ द्या. टाकीच्या तळाशी गोट्यांचा थर द्या, नाहीतर आईबापच अंडी खाऊन टाकतात. सकाळी उजेड झाल्या झाल्या अंडी पडतात. ती गोळा करून मॅडमना विचारून कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाखाली तासातासानं बघा, वहीत चित्रं काढा. फक्त बघा, प्राण्यांवर प्रयोग करायला संस्थेच्या नीतिसमितीची परवानगी लागते. लॅबला मेल कराल तेव्हा मार्कांच्या आधी या वहीबद्दल लिहा, आणि दोन-चार पानांचे फोटो जोडा.