ऑटिझमचं सर्टिफिकेट काढताना या चुका टाळा

दिव्यांग सर्टिफिकेटसाठी सिव्हिल हॉस्पिटलमधल्या तपासणीची तारीख जवळ आली की सांगली-मिरजेतले आईवडील थेरपिस्टला हमखास विचारतात, "तुम्ही म्हणता मुलाला काय जमतं ते बघा. तिकडे तर काय जमत नाही तेवढंच विचारतात!" खरंच आहे ते. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, पण बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. टक्के ठरतात आयएसएए या ऑटिझम मोजण्याच्या भारतीय चाचणीवर: ४० मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५ गुण, आणि बेरीज ७०च्या खाली गेली तर ऑटिझम धरत नाहीत.

पहिली चूक मायेपोटी होते. "तसं सगळं स्वतःचं स्वतः करतो हो," असं आई सांगून जाते आणि तिचे दिवसभराचे कष्ट कागदावर येतच नाहीत. आधी आठवडाभर वहीत टिपून ठेवा. "जेवतो" एवढंच नको. "आजी ताट घेऊन मागे फिरते तेव्हा चार घास खातो", "गणपतीत ढोल वाजला की कॉटखाली शिरतो, तासभर निघत नाही" असं लिहा. ही मुलाची बदनामी नव्हे, त्याला लागणारी मदत आहे.

काहीजण उलट टोक गाठतात आणि टक्के वाढावेत म्हणून मुलाला उपाशी, बिनझोपेचं नेतात. कृपा करून असं करू नका. त्याचे हेडफोन, आवडती वस्तू बरोबर घ्या.

सगळ्यात जास्त नुकसान वेगळ्याच चुकीनं होतं: तपासणीचा कागदच थेरपीचा आराखडा बनतो. त्यात "हात फडफडवतो", "नजर देत नाही" असं असतं, मग वर्षभर हात धरून ठेवणं आणि "माझ्याकडे बघ" हेच चालतं. हात फडफडवून तो स्वतःला शांत करत असतो. ते कशाला थांबवायचं? गोंगाट सोसेनासा झाला की "पुरे" सांगता येणं, मग ते शब्दानं असो, चित्रानं की खुणेनं, हे ध्येय मोलाचं. म्हणून थेरपिस्टकडून दोन वेगळे कागद मागा: एक सर्टिफिकेट देणाऱ्या मेडिकल बोर्डासाठी, एक घर-शाळेसाठी.

उणिवा मुलासमोर वाचू नका. न बोलणाऱ्या मुलालाही समजत असतं. एकानं त्याला घेऊन बाहेर थांबावं.

फक्त एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) असेल तर कायद्यातल्या दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत ते नाही. अध्ययन अक्षमता (वाचन-लेखन-गणितातली अडचण) मात्र त्यात आहे, म्हणून सोबत तीही आहे का, ते तपासून घ्या.

सर्टिफिकेट मिळालं की केंद्र सरकारच्या निरामय आरोग्य विम्याचा अर्ज वेगळा भरावा लागतो. १ लाखापर्यंतच्या या विम्यात थेरपीचा खर्चही धरतात, त्यामुळे थेरपीच्या पावत्या जपून ठेवा.